मामाचा डावा हात

मामाचा डावा हात पुढे आला की आमच्या गल्लीतल्या मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. तंजावूरच्या राजवाड्यामागची आमची गल्ली. मराठी निम्मी तमिळ झालेली, पण सोवळं-ओवळं अगदी शाबूत. लहानपणी चापट्या खाऊन मामा जेवायला तेवढा उजवा हात वापरायला शिकला. बाकी सगळं डाव्यानंच. "मारणारे थकले, हात थकला नाही," असं ऐटीत सांगायचा.

देशाचा बाजार परदेशी मालाला खुला झाला त्या सुमारास गावाबाहेरच्या सूतगिरणीच्या मालकाचा मुलगा अमेरिकेहून परतला, तो बेसबॉलचं वेड आणि चेंडू झेलायच्या चामडी पंजांची पेटी घेऊन. त्यातला एक पंजा उजव्या हातात घालायचा होता, त्यामुळे कुणालाच चालेना. मामा गिरणीत हजेरी लिहायचा. त्यानं तो पंजा चढवला, डाव्या हातानं चेंडू फेकला आणि झेलणारा पार उताणा पडला! दुसऱ्या दिवसापासून मामा गिरणीच्या नव्या संघाचा पिचर; पगार फक्त चेंडू फेकण्याचा.

"अय्यो, हे कसलं रे काम?" आई म्हणाली.

"सोपं आहे अक्का, ये तू पण!"

मदुरै, कोइंबतूर, जिथे जाईल तिथे तो जिंकून यायचा. मलाही, त्याच्या लाडक्या 'कन्ना'ला, परसात फेकायला शिकवायचा. चेंडू वाकडा गेला की एकच सांगणं, "मनगट सैल सोड, कन्ना."

मग गिरणी विकली गेली. नव्या मालकांनी संघ मोडला, मैदानावर गोदाम बांधलं आणि मामाला सुताचे गठ्ठे उचलायला लावलं. वाटलं असेल, कंटाळून जाईल. जातोय कसला! सगळे गठ्ठे त्यानं उजव्या खांद्यावर वाहिले, डाव्याला ओझं लागू दिलं नाही. रोज सुटी झाली की त्याच गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारायचा, धाड धाड. राखणदार ओरडला तर म्हणायचा, "भिंत तुमची, चेंडू माझा!"

मी चिडायची. "मामा, संघच नाही, तर कुणासाठी हात जपतोस?"

"मी पिचर आहे. मैदान घेतलं त्यांनी. हात नाही देणार."

काही वर्षांत उजवा खांदा कामातून गेला. हात तोंडाशी पोचेना.

माझ्या लग्नाच्या पंगतीत मामानं सगळ्यांदेखत डाव्या हातानं भात कालवला. माझे चुलतसासरे कडाडले, "शुभकार्यात डावा हात? उठवा त्यांना!" सगळ्यांनी नजरा आपापल्या पानाकडे वळवल्या. आईनंसुद्धा मान खाली घातली. तिचा मला अजून राग येतो.

मामा शांतपणे म्हणाला, "उजवा गिरणीनं खाल्ला. हा माझा आहे. ह्यानंच जेवणार." आणि घास घेतला.

मी नवऱ्याशेजारून उठले. शालूसकट मामाच्या बाजूच्या पानावर जाऊन बसले आणि डाव्या हातानं सांबारभात उचलला. अर्धा मांडीवर सांडला, सांबार कोपरापर्यंत ओघळलं. चुलतसासरे बघतच राहिले.

मामा माझ्याकडे वळला. डोळे भरलेले, पण आवाज मैदानावरचा.

"मनगट सैल सोड, कन्ना."