सुळे की मुळे

माझी फजिती माझ्याच तोंडानं सांगायची, म्हणजे चहा जरा जास्तच लागेल. पण ऐका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगली सोडून मी साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो होतो. नोकरी हंगामी. कायम करायचं की नारळ द्यायचा, हे प्राचार्यांच्या हातात. अशात प्रयोगशाळेच्या कपाटात मला एक दाढ सापडली. दगड झालेली, हाताला जड. सोबतची चिठ्ठी कसरीनं खाल्लेली. कुणाची दाढ, कुठली, काही पत्ता नाही.

एका बाजूला वाळूचा टणक थर, दुसऱ्या बाजूला तीन टोकं. आठवडाभर पुस्तकं चाळून मी ठरवून टाकलं, ही मांस फाडायची दाढ. एवढी दाढ, तर जनावर केवढं असेल?

"सर, वाघाच्या दीडपट," मी प्राचार्यांना सांगितलं.

ते इतके खूश झाले की कॉलेजच्या प्रदर्शनात दाढ मधोमध आली. प्लास्टरच्या बैठकीत मीच बसवली, टोकं वर करून. पेंटरकडून पाटीही आली : 'साताऱ्याचे प्राचीन श्वापद'. सकाळपासून ही गर्दी! मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो आणि फुगत होतो.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे आले. लाल फेटा, अंगात जुना फौजी कोट. लोणंदकडचे दफादार, फौजेत घोड्यांच्या दवाखान्यात उमर काढलेले. बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "ही उलटी का ठेवलीया?"

"उलटी कशी? हे सुळे आहेत."

"सुळं न्हवं गड्या, मुळं हायती ती."

प्राचार्य शेजारीच होते. म्हणाले, "काढा ती बैठकीतून."

काढली. दफादारांनी पेल्यातलं पाणी लावलं आणि चाकूच्या टोकानं वाळू खरवडली, लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं इतक्या हळुवार. खालून वळ्यावळ्यांची नक्षी उमटली.

"घोडं हाय. वरल्या जबड्यातली दाढ. लय झिजलीया, म्हातारं असंल."

"कशावरून?" प्राचार्यांनी विचारलं.

"चला, दावतो."

फाटकाशी टांगा उभा होता. घोड्यानं कान मागं टाकले. मी तर चार पावलं लांबच. दफादार त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, अलगद जीभ धरून बाजूला घेतली, आणि ते जनावर शहाण्यासारखं तोंड उघडून उभं राहिलं. आत पाहिलं, तर तीच नक्षी. किती घोड्यांच्या दाढा या हातांनी कानशीनं घासून सारख्या केल्या असतील! मी पुस्तकात शोधत बसलो ते या माणसाच्या बोटांत होतं. खरं सांगतो, नोकरीची भीतीसुद्धा विसरलो.

परत येऊन मी नवी पाटी लिहिली : 'घोडा. वरची दाढ.' दफादारांपुढं धरली. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचली.

"बराबर हाय," म्हणाले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमी हितं शिकायला हाय न्हवं?"

काय सांगणार? "हो," मी म्हणालो, "पहिलंच वर्ष आहे."

"शिका, शिका. डोकं बरं हाय."

प्राचार्य मागंच उभे होते. सगळं ऐकत होते. पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचा कागद त्यांनी पुढं सरकवला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अभिनंदन. पहिल्या वर्षात पास झालात."