मदतीबद्दल आभार

“हिची आई आमच्याकडे तांब्याची भांडी चिंचेनं घासायची. हात तिथलाच आहे!”

सर हसत म्हणाले. बाहेरगावचे पाहुणेही हसले. माझ्या हातात माझी काच होती. तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा लाल थर. ती पाण्यात ठेवून ऊन पाडलं, जराशी वीज दिली, की पाणी फुटतं आणि पलीकडच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. ढीगभर काचा भट्टीत तडकल्या तेव्हा ही साधली. थर इतका एकसारखा कुणी चढवला, असं एका पाहुण्यानं विचारलं होतं. त्याचं हे उत्तर.

मग म्हणाले, “चहा आण गो.”

आणला. पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होते, तरी आणला.

सर म्हणजे माझे गाइड, आणि आमच्या पार्से गावच्या भाटकारांचे धाकटे. आम्ही त्यांचे मुंडकार. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहिलेला माणूस; कायद्यानं त्याला मनाला येईल तसं काढता येत नाही. जमीन त्यांची, घर आमचं, आणि वाकायची मानही आमचीच. प्रयोगशाळेत भाटकार नसतो, असं मला वाटायचं. ऊन काय, कुणाच्याही काचेवर सारखंच पडतं. एवढी मी शहाणी!

चवथ जवळ आली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली फळं बांधतात, ती माटोळी. भाटकाराच्या घरची माटोळी मुंडकारानं आणायची. यंदा बाबाचे गुडघे धरले होते, म्हणून तो नको म्हणाला. सरांनी मला भट्टीपाशी गाठलं.

“बापायक सांग, माटोळी येवंक जाय. तुजो पेपर माज्या हातांत आसा.”

बाबा गेला. ओल्या डोंगरावर घसरला, नडगी सोलून घेतली, पण माटोळीची रानफळं, कवंडळं, घेऊनच उतरला.

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या अंगणात उभे. सर वर सोप्यावर बसलेले. आम्ही तिथं कधी चढलो नाही. बाबानं भारा खाली ठेवला. सर मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाले, “पेपर गेलो. पयलां नाव भाच्याचां. तुजे आभार मानल्यात, मदतीखातीर.”

भाचा. ज्यानं भट्टीचं बटण कधी दाबलं नाही. माझं नाव लेखकांत नाहीच. खाली, आभाराच्या ओळीत.

मी काही बोलायच्या आत बाबानं हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

“उपकार झाले, भाटकारानू. माज्या चेडवाचे तुमी आभार मानलास!”

आमच्या घरातल्या कुणाचे भाटकारानं कधी आभार मानले नव्हते. बाबाला तो मान वाटला. माझी चोरी झाली आणि माझा बाप चोराच्या पाया पडत होता. ते मला सहन झालं नाही.

मी भारा उचलला.

“माटोळी भाच्याक हाडूंक सांगा. मी तेचे आभार मानतंय.”

सर उठले. “घर कोणाच्या जमनीर आसा तां याद आसा मगे?”

“आसा. आनी कायदोय याद आसा.”

वाटेत बाबानं माझ्या मुस्काटात मारली. “फाटी वच. पायां पड तेंच्या.” मी गेले नाही. कवंडळं आमच्याच दारात सडली. चवथीला बाबा जेवला नाही, आणि अजून माझ्याशी बोलत नाही.

मी विद्यापीठात तक्रार केली आहे. भट्टीची खोली मला बंद झाली, सर प्रबंधावर सही करत नाहीत. परवा त्यांचा निरोप आला: माफी माग, दुसरं नाव तुझं घालतो.

दुसरं नको. पहिलं. माझ्या नावात मधे बाबाचं नाव, पूर्ण. बाबाला वाचता येत नाही. तो बोलो वा न बोलो, त्याचं बोट धरून मी त्याच्या नावावर ठेवणार. वर. आभारात नाही.