दामल्यांच्या शोकेसमधली ढाल

दामल्यांची पत्नी शोकेसमधल्या ढाली पुसत होती आणि मी चहा घेत ते पाहत होतो. घरच्या बिनतारी सेटवरून लांबलांबच्यांशी बोलायच्या हॅम रेडिओच्या स्पर्धेत दामले दरवर्षी पहिले. एकदा सगळे ऐकत असताना ते मला रेडिओवरून म्हणाले होते, "तुमचा आवाज माझ्या घरापर्यंत पोचतच नाही हो. सेट विका आणि भजनं म्हणा."

त्यांना हरवणं मला या जन्मात जमणार नव्हतं. म्हणून पहिल्या बक्षिसाची ढालच मी माझ्यातर्फे ठेवली. त्यावर देणाऱ्याचं नाव वर, जिंकणाऱ्याचं खाली. सुडाला घाई नसते. तो दुसऱ्याच्या शोकेसमध्ये निवांत बसून राहतो.

वहिनींनी माझ्या नावावर फुंकर मारली, ते लख्ख पुसलं आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला बक्षीस देणारे ते हेच का हो?"

दामल्यांनी नाइलाजाने मान हलवली.

कप खाली ठेवत मी म्हणालो, "काय दामले, येतंय ना आता ऐकू?"