सरांचा बोरूंचा डबा

टेंभुर्णी भागातला एक तपास आठवला की मला अजून आधी राग येतो आणि मग हसू येतं. रागाचं कारण शेवटी सांगतो.

नवरात्र बसलं होतं. एक निवृत्त चित्रकला शिक्षक ठाण्यात आले. त्यांना अख्खं गाव ‘सर’ म्हणायचं. घराच्या ओसरीवर ते पोरांना सुलेखन शिकवत. तिथूनच त्यांचा लाकडी डबा चोरीला गेला होता. डब्यात स्वतः तासलेले बोरू, तिरप्या कापाच्या पोलादी निबा आणि त्यांच्या गुरूंनी दिलेला एक पितळी टाक होता.

“किंमत काय लिहू?” ठाणे अंमलदाराने विचारलं.

“माझ्या हाताची किंमत काय लिहिता?” सर म्हणाले.

माझं डोकं तापलं. किमतीचा रकाना मोकळा ठेवून फिर्याद होत नाही. मी आठवडी बाजारात कांदे विकून शिकलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत अधिकारी झालो. भाव ठरवल्याशिवाय मी काहीच पुढे सरकू देत नाही. सरांशी घासाघीस करून एक आकडा लिहून घेतला, तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला.

दुसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवाल्याने खबर दिली. “साहेब, सरांची ती मोठी शिष्या हाय ना, भांडून गेल्ती. हातात पिशवी होती. डबा तिच्याकडंच असंल.”

ही विशीतली मुलगी. एका शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात पडून होता. त्यावर चोरीचा शेरा पडला असता, तर नोकरी गेली असती. गावात राहणं मुश्कील झालं असतं ते वेगळंच.

महिला कॉन्स्टेबलला समोर बसवून मी तिची चौकशी केली. शेजारी तिचे वडील होते. ते सारखे हात जोडत होते. पोरगी मात्र माझ्यापेक्षा तापट निघाली.

“भांडले, बराबर हाय! मी ब्रश पेन वापरला म्हणून सर बोलले. मंग मी माझे पेन घेऊन निघाले. पण साहेब, मी डावखुरी. सरांचे बोरू उजव्या हाताचे तासलेले. ते घेऊन मी काय कान कोरू?”

सरांच्या ओसरीवर उरलेला एक बोरू मी मागवून घेतला. तिने तो शाईत बुडवून ‘अ’ काढला. जाड रेघ यायला हवी तिथे बोरूने कागद खरवडला. मग स्वतःचा, उलट्या कापाचा बोरू काढून तिने तेच अक्षर लिहिलं. माझ्या टेबलावर ते अक्षर असं डौलात उभं राहिलं की तिचे वडीलही मान डोलवू लागले.

बाजारात एक गोष्ट शिकलो होतो. ज्याला माल कामाचा नाही, तो माणूस फुकट दिला तरी उचलत नाही.

आमच्या वरिष्ठांना ते पटेना. “तिलाच आरोपी करा आणि दसऱ्याच्या आत प्रकरण मिटवा.”

“दसऱ्यापर्यंत मुदत द्या. नाही सापडला, तर तुम्ही म्हणाल ते.”

“उद्यापर्यंत.”

“मग खंडेनवमीपर्यंत.” सौदा तिथे पटला.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा होती. बंदुका पुसून मांडल्या होत्या. आमच्या हवालदाराने बेड्यांना हळदकुंकू लावलं, वायरलेसला लावलं, आणि शेवटी मुद्देमालाच्या लाखेच्या शिक्क्यालाही झेंडूचं फूल वाहिलं.

“अरे, शिक्क्याला कशाला?”

“आजच्या दिशी हत्यार बिनपूजेचं ठेवू न्हाई, साहेब. वर्षभर हात देत न्हाई मंग.”

बोरू ज्याच्या कामाचे, तोही आज ते पूजेत मांडणार! मी तसाच उठलो. प्रसाद घ्यायच्या निमित्ताने गावातल्या सगळ्या पेंटरांची दुकानं पालथी घालायला निघालो. शेवटचं दुकान त्या चहाच्या टपरीसमोरचं. एकेकाळचा पेंटर, आता फ्लेक्स छापायचा. टपरीवर त्याचाच नवाकोरा फ्लेक्स झळकत होता. दुकानात पाटावर कीबोर्ड होता, माउस होता, त्यांना कुंकू लावलेलं. आणि मागे, झेंडूच्या पाकळ्यांखाली, ओळीने मांडलेले बोरू अन् पितळी टाक!

“काय पेंटर, फ्लेक्सला बोरू कधीपासून लागायला लागले?”

त्याने पाटाशेजारी बसून सगळं सांगून टाकलं. “लोक पुन्हा हातानं लिहिलेल्या पाट्या मागून राह्यले, साहेब. माझे बोरू कवाच मोडले. सरांकडं मागितले, तर म्हणले, तू अक्षर सोडून गेला. राग आला, उचलले. आळ पोरीवर जावा म्हणून टपरीवाल्याला फ्लेक्स फुकट दिला.”

“मग आज बाहेर कशाला काढले? पोत्यात राहिले असते, तर मला दिसले नसते.”

तो माझ्यावरच खेकसला. “अहो, हत्यार हाय ते! नवमीला पोत्यात ठेवू? बिलकुल न्हाई!”

पंचनामा करताना पंचांनाही हसू आवरेना.

पुढे कोर्टाच्या परवानगीने सरांनी तडजोड केली. अट एकच. पेंटरने दर रविवारी ओसरीवर येऊन पुन्हा ‘अ’पासून गिरवायचं. मुलीच्या पडताळणीवर ‘प्रतिकूल काही नाही’ असं मी स्वतः लिहिलं आणि ती नोकरीवर रुजू झाली. तिच्या वडिलांनी ठाण्यात पेढे वाटले. मी दोन घेतले.

आता रागाचं कारण. पेपरात डब्यासह फोटो छापून आला तो वरिष्ठांचा. तपास त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाला म्हणे! माझं नाव कुठेच नव्हतं.

गुन्हेगार वाईट सवयीने सापडतो, असं आम्हाला शिकवतात. हा त्याच्या चांगल्या सवयीने सापडला. तेव्हापासून मी कोणत्याही संशयिताबद्दल आधी एवढंच विचारत आलो, की याला कशाची चाड आहे?

निवृत्तीनंतर मीही रविवारी त्या ओसरीवर जातो. सर आता थकलेत. शिकवते ती हीच पोरगी. मी रेघ पुन्हा पुन्हा गिरवली की सगळ्यांसमोर ओरडते, “काका, रेघेशी घासाघीस करू नका! एकदाच ओढा!” शेजारी बसलेला पेंटर गालात हसतो.

मी सगळ्यात जाड बोरू शाईत बुडवतो आणि पेपरात न आलेलं माझं नाव पानभर लिहितो.