जरा वन्संकडे जाऊन येते

ताई गेल्याचं मला बायकोने फोनवर सांगितलं, तेही वरच्याच मजल्यावरून. "अहो, वन्सं उठत नाहीयेत... लवकर वर या." जिना चढताना माझ्या मनात पहिलं काय यावं, तर सकाळी सकाळी सुनंदा वर काय करत होती? दुधाची पिशवी द्यायला ती रोजच जायची, हे नंतर सुचलं. स्वभावाला औषध नाही. ताई म्हणायची, "वसंता, दुधात पाणी आहे का, हे तू म्हशीला विचारून येशील."

ताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली आणि हौशी नाटकांतून जन्मभर शेजारणींची कामं केली. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती वर, आम्ही खाली. निवृत्तीनंतर तिला एका मालिकेत काम मिळालं, एकाच भागापुरतं, समुपदेशक बाईचं. नायिका तिच्याकडे येते. ताई समोर रिकामी खुर्ची ठेवते आणि म्हणते, "इथे तुझे वडील बसलेत असं समज. राहून गेलंय ते बोल." नायिका बोलते, रडते, भाग संपतो. ताईला मोजकीच वाक्यं होती. बाकी वेळ ती नुसती ऐकत होती, पण अशी ऐकत होती की माझा चहा निवला.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या देशपांडे वहिनी कौतुक करायला म्हणून वर गेल्या आणि डोळे पुसत खाली आल्या. मग रीघच लागली. ताईने जन्मभर बँकेत ड्राफ्ट काढले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण टीव्हीवर दिसलेल्या माणसाला सगळं कळतं, अशी आपल्याकडे समजूत असते. मी तिला म्हटलं, "ताई, तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. मी बटाटे सोलते, त्या बोलतात."

"कशाबद्दल?"

"बटाट्यांबद्दल."

पुढे सुनंदाही जायला लागली. जेवणं आटोपली की, "जरा वन्संकडे जाऊन येते." हातात वाटी नाही, डबा नाही. तासाभराने खाली यायची ती हलकी होऊन. पूर्वी आमटीत मीठ कमी म्हटलं की भांडायची, आता नुसती हसायची. त्या हसण्याने माझी झोप उडाली. वरही तशीच रिकामी खुर्ची मांडलेली असणार आणि तिच्यात रोज दुपारी मीच बसवलेला असतो, याबद्दल मला शंका उरली नव्हती. एकदा गच्चीवर जायच्या निमित्ताने ताईच्या दाराशी रेंगाळलो. दार उघडून ती म्हणाली, "आत ये, नाहीतर खाली जा. जिन्यात उभं राहून कुणाचं भलं झालेलं नाही." मी खाली गेलो.

ती गेल्यावर भेटायला आलेल्या बायका माझ्याकडे चोरून बघत होत्या. देशपांडे वहिनींनी शेवटी विचारलंच, "ताई तुमच्यापाशी काही बोलल्या होत्या का हो... आमच्याविषयी?" मी नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही. जन्मभर मी लोकांवर संशय घेतला, आता अख्खी सोसायटी माझ्यावर घेते आहे, आणि माझ्याजवळ तर काहीच नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं ताईचं कपाट आवरत होतो. मला राहवेना. "तू इथे माझ्याबद्दल काय सांगायचीस?" सुनंदा साडीची घडी घालत राहिली. "तुमच्याबद्दल? कधीच नाही. मी आईशी बोलायचे. शाळा सोडायला लावून तिने मला धाकट्या भावंडांमागे जुंपलं. ती जाईपर्यंत तिला एकदाही विचारता आलं नाही, मलाच का म्हणून..." घडी माझ्या हातात देत ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतंत तर खालीच सांगितलं असतं."

फोन कुणाचा होता, उशीर का झाला, कुणाशी बोलत होतीस, हे सगळं मी संसारभर विचारत आलो. शाळेचं कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी असंही वाटलं की ताईला गाठून विचारावं, ही म्हणते ते खरं का? ताई नाही, हे मला त्या क्षणी कळलं. स्मशानातही इतकं कळलं नव्हतं.

हल्ली दुपारी मीच किल्ली घेऊन वर जातो. तिच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसतो, भांड्यांवरची धूळ पुसतो, खाली येतो. परवा सुनंदाने विचारलं, "तिथे बसून काय बोलता हो वन्संशी?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता.