लाल लोकरीचं ऑडिट

बीरगावच्या आमच्या टोस्टच्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. मध्यंतरी टोस्ट फार तुटू लागले आणि मालकांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला: पॅकिंगची दीदी.

"हात जड आहेत तिचे. सोमवारपासून दुसरी पोट्टी बघतो."

"आधी ऑडिट करू द्या."

"करा. पण सोमवारच्या आत."

माझं एक स्वेटर कधीचं अर्धवट पडलं होतं. ते होणार नव्हतंच. त्याची लाल लोकर मी शनिवारी कारखान्यात नेली, एक टोक भट्टीजवळच्या खांबाला बांधलं आणि गोळा दीदीच्या एप्रनच्या खिशात टाकला. रोजच्यासारखं काम करा, म्हटलं. जिथे जाल तिथे लोकर सुटत जाईल.

"हव, पर लोग हँसेंगे," ती म्हणाली.

हसलेच. भट्टीतून निघालेल्या टोस्टचे ट्रे घेऊन ती निघायची, मैद्याच्या पोत्यांना वळसा घालायची, मधली पायरी उतरायची (इथे प्रत्येक ट्रे खडखडायचा) आणि पार दारापाशी असलेल्या पॅकिंग मशीनला पोचायची. मग परत. चहापर्यंत असं दिसायला लागलं, की एखाद्या कोळ्याने दारू पिऊन जाळं विणलंय. पोती वाहणारे उड्या मारत होते. भट्टीवाले भैया वाकून जाता जाता विचारत होते, "दीदी, किसकी शादी है?"

तेवढ्यात फोनवर बोलत मालक आत आले. दोन पावलं टाकली, पाय गुंतले आणि ते थेट मैद्याच्या पोत्यावर बसले. पांढरा ढग उठला.

"हे काहून लावून राहिल्या तुम्ही?"

"ऑडिट करून राहिले. तुमच्या पायात आहे तो दीदीचा सकाळचा रस्ता."

त्यांनी लोकरीचा माग नजरेने भट्टीपर्यंत काढला. "मशीन इतकी दूर काहून ठेवली?"

"सेठजी," भैया म्हणाले, "विश्वकर्मा पूजा में आपने ही तो दरवाज़े पर मँगवाई थी। फोटो के लिए।"

तो फोटो केबिनमध्ये लागलेला आहे. झेंडूचे हार, मशीन, शेजारी मालक. मशीनला चाकं आहेत, तरी पूजेनंतर तिला कोणी ढकललं नव्हतं.

"मग परत कोण नेणार होतं?" मालक पुटपुटले.

"जिसके हाथ हलके हैं," दीदी म्हणाली.

आधी मी हसत सुटले, मग भैया, मग मैद्याने माखलेले मालक स्वतः. डोळे पुसत म्हणाले, "हलवू. पण मुहूर्त बघा लागेल."

"फोटोच्या वेळी बघितला होता?"

दुपारीच मशीन भट्टीशेजारी गेली. सोमवारी नवी पोट्टी आली नाही. मंगळवारी मात्र चहाला बोंब झाली. आमच्याकडे तुटलेले टोस्ट चहासोबत फुकट असतात, आणि परातीत चुरासुद्धा नव्हता. सगळे माझ्याकडे रागाने बघायला लागले.

दीदीने एक अख्खा टोस्ट उचलला, माझ्या डोळ्यांदेखत कटकन मोडला. "देखो मॅडम, वेस्टेज."

मालकांनी आपला ग्लास पुढे केला. "आधा इधर."