पहिल्यांदा विचारलं की 'नको'

माझा नवरा वेंडेल सज्जन माणूस आहे. हे मी कौतुकानं नाही, वैतागून सांगते आहे. कितीतरी वर्षं त्यानं शाळेत बँड शिकवला आणि ऐन तिशीत त्याच्या डोक्यात आलं की आपल्याला खरे आकडे आवडतात. आवडोत बापडे. मग शिकागोच्या एका बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश, फायनान्सचे जाडजूड ग्रंथ, आणि घर चालणार माझ्या पगारावर. मी इथे, शिकागोला लागून असलेल्या बर्विनला, एका डेंटिस्टकडे लोकांचे दात साफ करते. माझी तक्रार नव्हती. ठरलंच होतं तसं. तो शिकागोतल्या बँकेत लागेल, माझा दवाखाना सुटणार नाही, आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माझ्या बाबांकडे रोज संध्याकाळी चक्कर होत राहील. आई गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. माझ्याशी निदान भांडतात तरी.

त्याला हवी होती ती नोकरी म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवायची. जागा मूठभर आणि मागणारे शेकड्यांनी. कॉलेजनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, मार्क सगळ्यांनाच असतात, ओळखी वाढवा. त्याचीही एक रीत आहे. बँकेत लागलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना मेल टाकायची, फोनवर किंवा कॉफीवर थोडा वेळ मागायचा, त्यांच्या कामाबद्दल आपुलकीनं विचारायचं. नोकरीचं नाव मात्र आपण होऊन काढायचं नाही. म्हणजे हॉटेलात जाऊन बसायचं, वेटरच्या तब्येतीची चौकशी करायची, आणि भूक लागली आहे हे त्यानंच ओळखायचं. काय एकेक तऱ्हा असतात.

वेंडेल यात पटाईत निघाला. कोटांच्या कपाटात उभा राहून फोन करायचा, कारण बाकी घरात माझ्या ड्रायरचा आवाज. बाहेर आला की चेहरा उजळलेला.

"अगं बर्नी, किती छान माणूस होता."

"मग?"

"मग काय, छान बोललो."

असं अख्खी थंडी चाललं. त्याच्या वर्गातला टोबायस रेनर, ज्याला वेंडेल घरी बोलावून गणितं समजावायचा, तो दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्या विकत घेणाऱ्या एका फर्ममध्ये चिकटलासुद्धा. आइस हॉकीच्या रिंकवर कुणी भेटला, बोलणं झालं, त्यानं शब्द टाकला, झालं काम. तेव्हा ओळखींचा उपयोग होतो का, हे मला विचारू नका. होतो, डोळ्यांनी पाहिलाय. माझा प्रश्न एवढाच होता की आमच्याच घरात का होत नाही. वेंडेलला ओळखणारी माणसं तर आता इतकी झाली होती की नाताळची कार्डं पुरली नसती.

उत्तर मिळालं ते गाडीत. बाबांकडे पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या पोलिश करंज्या, घेऊन निघालो होतो. गाडी मी चालवत होते, डबा वेंडेलच्या मांडीवर, आणि फोन स्पीकरवर. पलीकडे रोझलिंड टीग. ज्या बँकेवर वेंडेलचा खरा जीव होता, तिथली ही मोठ्या हुद्द्यावरची बाई. शाळेत असताना ट्रंपेट वाजवायची, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. बोलता बोलता ती म्हणाली, "सोमवारी आम्ही नावं ठरवायला बसतोय. प्रत्येकाला एकाच माणसासाठी शब्द टाकता येतो. तुझं नाव मांडू का मी?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"अहो नको नको," वेंडेल म्हणाला, "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं," ती म्हणाली. "मग शुभेच्छा तुला." आणि फोन बंद.

मी गाडी सरळ पेट्रोल पंपात घातली.

"काय केलंस हे तू?"

"काय केलं?"

"ती तुझं नाव मांडते म्हणाली."

"हो ना. फार चांगली बाई आहे."

"आणि तू नको म्हणालास."

"अगं, पहिल्यांदाच विचारलं की लगेच हो कसं म्हणायचं? विचारेल ती पुन्हा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेंडेल आयोवामधल्या डेकोराचा. सगळं गाव नॉर्वेहून आलेल्यांचं. त्याच्या आईनं कॉफी विचारली की पाहुण्यानं आधी म्हणायचं नको. दुसऱ्यांदा, कशाला उगाच. तिसऱ्यांदा, बरं, अर्धा कप. मग दोन कप आणि वर केकही. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा भूक लागली होती, अ‍ॅपल पाय देऊ का म्हटल्यावर मी द्या म्हटलं, तर सगळं टेबल गप्प झालं. आणि वेंडेल पहिल्यांदा आमच्याकडे आला, तेव्हा बाबांनी सॉसेज हवं का म्हणून एकदाच विचारलं. हा नको म्हणाला. बाबांनी ताट उचललं. बिचारा उपाशी झोपला. या गोष्टीवर आम्ही कितीदा हसलोय. कोटांच्या कपाटात तेच चाललंय हे मला कसं कळावं?

"आतापर्यंत असं कितीजणांनी विचारलं होतं?"

तो बोटांवर मोजायला लागला. दुसरा हात वर आला तेव्हा मी म्हटलं, राहू दे.

"त्यातल्या एकानं तरी पुन्हा विचारलं का?"

"कामात असतात गं लोक."

"वेंडेल, हे शिकागो आहे. इथे माणूस एकदा विचारतो आणि तेही उपकार केल्यासारखं. आत्ताच्या आत्ता फोन लाव तिला. आणि आधी मला म्हणून दाखव."

"मॅडम, तुम्हाला जमत असेल तर, म्हणजे काही घाई नाही..."

"पुन्हा."

"मला असं वाटत होतं की कदाचित..."

"पुन्हा. आणि ती काही विचारेल त्याला एका शब्दात उत्तर दे. हो किंवा नाही."

कान लालबुंद झाले त्याचे. शेवटी फोन लावला आणि एका दमात म्हणाला, "मला तुमच्याकडे नोकरी हवी आहे. माझं नाव मांडाल का?"

रोझलिंड टीग म्हणाली, "अरे देवा. मला वाटलं, तुझं दुसरीकडे ठरलंय. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतंय. तुझा फोन ठेवला आणि लगेच एका मुलीचा आला. तिला विचारलं, ती हो म्हणाली. आता शब्द दिलाय मी." मला तिथेच स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. पण ती पुढे बोलत होती. "ह्यूस्टनच्या ऑफिसात एक जागा आहे. तिथला साहेब माझं ऐकतो. चालेल?"

"हो," वेंडेल म्हणाला.

एकदाच. नको नाही, कशाला नाही, काही नाही. खरं सांगते, पहिल्यांदा मला अभिमानच वाटला. मग ह्यूस्टन हा शब्द नीट कानात शिरला. हजार मैलांवरचं ह्यूस्टन. माझा दवाखाना इथे. बाबा इथे, आत्ता या क्षणी खिडकीशी उभे, उशीर का झाला म्हणून मला झापायच्या तयारीत.

फोन झाल्यावर मी म्हटलं, "हो म्हणालास."

"तूच सांगितलंस ना, एका शब्दात म्हणून."

चूक कुणाची म्हणायची, ते कळेना. राग मात्र अस्सा आला होता. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "बर्नी, तू येशील ना ह्यूस्टनला?"

'जमलं तर' नाही, 'घाई नाही' नाही, थेट प्रश्न. या माणसानं आजवर माझ्याकडे काहीही मागितलेलं नाही. लग्नाचंसुद्धा मीच विचारलं होतं, आणि तेही पुन्हा पुन्हा विचारावं लागलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी मनापासून म्हणत होते. पण त्याला जराही वाईट वाटलं नाही. उलट ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखा तो हसला, डबा सांभाळत त्यानं माझा हात थोपटला.

"बरं," तो म्हणाला. "जेवण झालं की पुन्हा विचारतो."